द लिफ्ट, ए लिफ्ट आणि ताईचे गुडघे

लिफ्ट बंद पडली याचा मला राग नाही. यंत्र आहे, बंद पडणारच. चालती-बोलती माणसं बंद पडतात, तिथं लोखंडाचं काय घेऊन बसलात. मला राग आहे तो आमच्या चेअरमनचा, पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा, तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांचा, माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा, आणि इंग्रजीत नामाच्या आधी 'ए' किंवा 'द' चिकटवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही असं ज्या कुणी पहिल्यांदा ठरवलं, त्या इसमाचा. हा शेवटचा इसम हयात नाही, म्हणून वाचला.

माझी सगळी नोकरी लोकांचे हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे माणूस समोर आला की त्याच्या जमेला काय आणि नावे काय, हे मी मनातल्या मनात मांडून टाकतो. या प्रकरणात ज्यांचा ज्यांचा संबंध आला, त्या सगळ्यांचा ताळेबंद मी मांडून पाहिला. एकाचाही जुळला नाही. माझा धरून म्हणत नाही; माझा मी तपासलेलाच नाही. आपला हिशेब आपण तपासू नये असा नियम आहे आणि नियम मी पाळतो. बाकीचे पाळत नाहीत, हीच तर रड आहे.

आमची बिल्डिंग पाच मजली आणि लिफ्ट एक. मी राहतो पाचव्यावर. समोरचा फ्लॅट कुलूपबंद, म्हणजे पाचव्या मजल्याचा मी एकटा राजा. शिवाय मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सेक्रेटरी कसा झालो म्हणाल, तर त्या सभेला मी उशिरा पोचलो आणि बाकीचे सगळे वेळेवर पोचले होते.

तर ताई आमच्याकडे चार दिवस राहते म्हणून आली. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई. भावजी मागच्या वर्षी गेले, मुलगा दूरदेशी. लिफ्टने वर आली, बॅग आत ठेवली, 'काय रे गुंड्या, पोट सुटलं तुझं,' असं म्हणून पंख्याखाली बसली. तिच्या पाठीमागे लिफ्ट खाली गेली. खाली गेली ती गेलीच. पुन्हा वर आली नाही.

ताईच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितलेला. म्हणजे लिफ्ट चालू होईपर्यंत ताईला खाली उतरता येणार नाही, आणि खाली उतरता येत नाही तोवर तिला घरी जाता येणार नाही. हे गणित मला त्याच संध्याकाळी सुटलं. बायकोला माझ्या आधी सुटलं असावं, कारण ती स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवत होती.

चार दिवसांचे बरेच दिवस झाले. खिडकीजवळची माझी खुर्ची ताईची झाली. वर्तमानपत्र माझ्या हातात येण्याआधी ताईच्या हाताखालून जाऊ लागलं, आणि ते येई तेव्हा त्याच्या अंगावर लाल पेनाने इतके ओरखडे असत, की बातमी कोणती आणि दुरुस्ती कोणती ते कळू नये. बायकोने दुधाच्या पिशव्यांचा हिशेब फळ्यावर लिहिला, तर ताईने त्याखाली 'अक्षर गचाळ' असा शेरा मारला. भाजी कशी चिरावी, गॅस कुठे बारीक करावा, दाराची कडी किती जोरात लावावी, सगळ्याला शेरे. मला तर तिने चहा पिताना आवाज करतो म्हणून उभं केलं. साठी ओलांडलेल्या माणसाला, स्वतःच्या घरात, कप हातात घेऊन!

शेवटी बायको मला बाल्कनीत घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, "हे बघा. एक तर लिफ्ट चालू होईल, नाहीतर मी माझ्या भावाकडे जाईन. आणि मला जिना उतरता येतो."

मी तडक लिफ्टच्या कंपनीला फोन लावला. फोनवर एक मंजुळ आवाजाची मुलगी होती. मंजुळ आवाजाच्या मुली मुद्दाम ठेवतात, माणसाला ओरडता येऊ नये म्हणून.

"सर, कंप्लेंट इंग्लिशमध्ये लेटरहेडवर पाठवा. चेअरमन आणि सेक्रेटरी, दोघांची सही हवी."

"अहो, सेक्रेटरी मीच बोलतोय. लिफ्ट बंद आहे. माणूस पाठवा."

"हो सर, पण लेटर आल्याशिवाय सिस्टिम उघडत नाही."

"पण तुम्हाला कळलं ना मी काय म्हणालो ते?"

"मला कळलं सर. सिस्टिमला नाही कळलं."

ठीक आहे. पत्र तर पत्र. दोन ओळींचा मामला. मी बसल्या बैठकीला लिहून काढलं: 'द लिफ्ट ऑफ अवर बिल्डिंग इज नॉट वर्किंग. काइंडली सेंड ए मेकॅनिक.' यात चूक असेल तर शोधून दाखवा, असं मी त्या वेळी कुणालाही म्हणालो असतो. पुढे लोकांनी न सांगताच शोधून दाखवली.

इथं आमच्या सोसायटीची एक रीत सांगायला हवी. माझ्या आधीच्या सेक्रेटरीने एकदा कुणाला न विचारता टाकी साफ करणाऱ्यांना पत्र धाडलं. त्यात काय लिहिलं होतं ते आजतागायत कुणाला नीट कळलेलं नाही, पण माणसं आली आणि गच्चीवरची टाकीच उचलून घेऊन गेली. तेव्हापासून ठराव असा, की बाहेर जाणारं प्रत्येक पत्र कमिटीतल्या सगळ्यांनी वाचून त्यावर सही करायची. तळमजल्यापासून सुरुवात करून वरपर्यंत. मध्ये कुणी एक टिंब जरी बदललं, तरी ते पत्र रद्द. नवीन प्रत काढायची आणि पुन्हा तळमजल्यापासून फिरवायची. फिरवायची कुणी? सेक्रेटरीने. आणि लिफ्ट बंद असताना कशी फिरवायची? मला वाटतं, माझ्या रागाचं मूळ आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

चेअरमन तळमजल्यावर राहतात. लिफ्ट असते कशी, हे त्यांना बहुधा ऐकूनच माहीत. आयुष्यभर त्यांनी पडद्यांच्या कापडाचं दुकान चालवलं. गोड बोलून लोकांच्या गळ्यात नको असलेला रंग बांधण्यात हयात गेली. त्यांनी पत्र डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि हळहळत म्हणाले,

"सेक्रेटरी, हा 'द' जरा खुपतो हो."

"का?"

"पहिल्याच ओळीत 'द'! अंगावर धावून गेल्यासारखं वाटतं. काम आपलं आहे. 'ए' घाला. 'ए लिफ्ट'. कसं नम्र वाटतं बघा."

"चेअरमनसाहेब, लिफ्ट आपल्याकडे एकच आहे."

"म्हणूनच तर नम्रतेने घ्यायचं. आहे तीही जायची."

मी उतरलेला होतोच, तसाच समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो, 'द'चा 'ए' करून नवी प्रत काढली, चेअरमनची सही घेतली आणि पहिल्या मजल्यावर चढलो.

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आणि घर एकाच मजल्यावर. हा गृहस्थ समोरच्याच्या तोंडात अवजारं घालून प्रश्न विचारतो, त्यामुळे उत्तर ऐकायची त्याला सवयच राहिलेली नाही. त्यांची पहिल्या ओळीबद्दल तक्रार नव्हती. त्यांना दुसरी ओळ खटकली.

"'ए मेकॅनिक' कशाला? 'ए' म्हणजे कुणीही. एखादा शिकाऊ पाठवतील. मागच्या वेळी तो मिशीवाला आला होता, आठवतो? काय हात होता त्याचा! 'द मेकॅनिक' लिहा. त्यांना बरोबर कळेल."

"काय कळेल?"

"की आम्हाला तो मिशीवालाच हवा."

"डॉक्टर, 'द'मध्ये मिशी कुठून दिसणार?"

"तुम्ही लिहा तर."

पुन्हा झेरॉक्स. पुन्हा चेअरमन. चेअरमन म्हणाले, आता दुसऱ्या ओळीत 'द' आला, म्हणजे नम्रता पुन्हा कमी पडली. पण डॉक्टर म्हणतात तर असू दे, माझी एक दाढ त्यांच्याकडेच आहे. सही झाली. डॉक्टरांची झाली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी न वाचता सही केली. जगात अजून सज्जन माणसं आहेत. मी तिसऱ्या मजल्यावर वकिलांची बेल वाजवली.

वकील दिवाणी आहेत. दिवाणी म्हणजे घाई नसलेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की माझ्यावरच खटला चालू आहे असं मला वाटू लागलं.

"टेक्निकली, 'ए लिफ्ट इज नॉट वर्किंग' या वाक्याला काही अर्थ नाही. जगात कुठे ना कुठे एक लिफ्ट बंद असणारच. कंपनी म्हणेल, बरं मग? इथे 'द'च पाहिजे."

"मी 'द'च लिहिलं होतं!"

"मग बदललं का?"

"चेअरमन म्हणाले."

"आणि 'द मेकॅनिक' तर फारच धोक्याचं. तो एक माणूस रजेवर असला, तर कंपनी सुटली. दुसरा पाठवायला ती बांधील नाही. तिथे 'ए'च पाहिजे."

म्हणजे पहिल्या ओळीत 'द' आणि दुसऱ्या ओळीत 'ए'. म्हणजे मी पहिल्या दिवशी लिहिलं होतं ते. अक्षरशः ते. मी धापा टाकत आणि मनातल्या मनात वकिलांचे पाय धरत तळमजल्यावर गेलो. चेअरमन म्हणाले, "अरे, हे तर आपण नाकारलेलं पत्र."

झेरॉक्सवाल्याला मात्र माझी कणव आली. "काका, असं करा," तो म्हणाला, "जितक्या तऱ्हा होतात तितक्या सगळ्या एकदम काढून देतो. वर 'ए' खाली 'द', वर 'द' खाली 'ए', दोन्हीकडे 'ए', दोन्हीकडे 'द'. ज्याला जी पटेल ती दाखवा." मी त्या सगळ्या प्रती फाइलीत घेऊन फिरू लागलो. मला वाटलं, आता माझ्यावर कुणाचा डाव चालायचा नाही. झालं असं, की प्रत्येकाने सगळ्या प्रती वाचल्या आणि प्रत्येकाला आपली सोडून बाकीच्यांत नव्या चुका सापडल्या.

जिन्यात भेटणारा जो तो मला सल्ला देऊ लागला. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं, त्यांच्या साहेबाच्या वेळी सगळीकडे 'द' लावत आणि काही बिघडत नसे. बायको म्हणाली, "कंपनीला नुसती 'लिफ्ट' कळली तरी पुरे हो." मी तिला म्हटलं, तुला भाषेतलं कळत नाही. ती म्हणाली, मला माझ्या भावाचा पत्ता कळतो.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पडू नये तिथं नेमका पडतो. आपल्या घरात, आपल्याच खुर्चीत, जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई बसलेली आहे! मी कमिटीपुढे सुचवलं, की ताई सांगेल ते अखेरचं. सगळे तयार झाले. चेअरमन म्हणाले, "ताईंचं लाल पेन लागलं, की आम्ही डोळे मिटून सही करू."

माझा आनंद काय सांगू. ज्या बाईला लिफ्ट हवी, तिच्याच हातात लिफ्टचं पत्र! ती काय मिनिटात मोकळं करील.

ताईने चष्मा पुसला. पत्र मांडीवर घेतलं. पेनाचं टोपण काढलं.

"हा 'द' इथं कसा आला?"

"आपली लिफ्ट एकच आहे ना ताई, म्हणून."

"तुझी असेल. वाचणाऱ्याला ती आधी भेटली आहे का? पहिल्यांदा भेटतोय त्याला 'ए'. ओळख झाली की 'द'. पाचवीत शिकवतात हे." आणि तिने 'द'वर काट मारून 'ए' लिहिलं.

मी खाली गेलो. नवी प्रत आणली. वर आलो. दुसऱ्या दिवशी ताईने पुन्हा चष्मा पुसला.

"हा 'ए' कसा आला इथं?"

"तूच लिहिलास ना काल!"

"काल वाक्य वेगळं होतं."

"तेच होतं!"

"आवाज खाली. बिल्डिंगला लिफ्ट एकच, तर 'ए' कुठला? घाल 'द'."

मी पुन्हा खाली गेलो. परत आलो, तर दुसऱ्या ओळीतला 'ए' तिला पटेना. तो बदलून आणला, तर 'काइंडली'वर शेरा: 'लाचार'. माझे पाय मला म्हणू लागले, की आम्ही तुझे राहिलो नाही. हिशेब तपासताना मी कारकुनांना विचारत असे, की बाबा रे, एकच रक्कम तू आज जमेला आणि उद्या नावे कशी टाकतोस? तो प्रश्न मला तेव्हा सुचायला हवा होता. सुचला नाही. रागाने डोळ्यांवर झापड येते. मी आपला 'वय झालं हिचं' एवढंच म्हणत राहिलो, आणि तेही जिन्यात, कुणी ऐकणार नाही असं पाहून.

मग एका सकाळी माझा तोल गेला. मी लेटरहेड घेतलं आणि त्यावर लिहिलं: 'लिफ्ट नॉट वर्किंग. सेंड मेकॅनिक.' ना 'ए', ना 'द', ना नम्रता, ना मिशी. खाली माझी एकट्याची सही ठोकली, कुणालाही न दाखवता पत्र कंपनीला धाडून दिलं, आणि कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

कंपनीचं उत्तर तत्परतेने आलं. मंजुळ नव्हतं. पत्रावर चेअरमनची सही नसल्याने तक्रार नोंदवता येत नाही. आणि या उत्तराची एक प्रत माहितीसाठी चेअरमनला!

चेअरमननी माझ्यावर सभा लावली. विषय एकच: सेक्रेटरीकडून खुलासा. सभा कुठे घ्यायची यावर पुन्हा खल झाला. खालचे पाचव्यावर चढायला तयार नाहीत, आणि मी तळमजल्यावर उतरायला तयार नाही; पाय दुखत होते म्हणून नव्हे, अपमान झाला होता म्हणून. अखेर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या जिन्याच्या वळणावर सभा भरली. चेअरमन प्लास्टिकच्या खुर्चीत, वकील पायरीवर रुमाल अंथरून, डॉक्टर कठड्याला टेकून. मला वरच्या पायरीवर उभं केलं होतं. आरोपीला सगळ्यांत उंच जागा मिळालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

चेअरमननी खिशातून कागद काढला. गंभीर गोष्ट ते इंग्रजीतच लिहितात. घसा खाकरून त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि जिन्यात आवाज घुमतो हे मला त्या दिवशी कळलं.

"ए सेक्रेटरी ऑफ द सोसायटी हॅज सेंट ए लेटर विदाउट—"

"थांबा!"

वरून आवाज आला. अख्ख्या वर्गाचा कालवा एका शब्दात विझवणारा तो आवाज. पाठोपाठ चपलांचा फटफट आवाज, आणि त्यामागे "अहो ताई, सावकाश, ताई!" असं म्हणणारी माझी बायको. वळणावरून ताई अवतरली. पदर खोचलेला, हातात उघडं लाल पेन.

"बसा सगळे."

सगळे बसलेलेच होते. उभे होते ते डॉक्टरही बसले.

"या बिल्डिंगला सेक्रेटरी किती?" ताईने चेअरमनना विचारलं.

"एकच... पण ताई, 'ए' म्हणजे जरा नम्रतेने..."

"टेक्निकली—" वकील म्हणाले.

"तू गप्प बस. तुझं टेक्निकली मी पाचव्या मजल्यावर ऐकतेय रोज." ताई चेअरमनकडे वळली. "ज्याला ओळखत नाही त्याला 'ए' म्हणतात. याला तुम्ही ओळखत नाही? तुमच्या नळाच्या गळतीला माणूस कुणी आणला? गच्चीचं दार लागत नव्हतं, तेव्हा दोरीने बांधून कोण आलं? सगळी बिल्डिंग घरात बसून आहे आणि हा एकटा तुमचे कागद घेऊन ढोपरं झिजवतोय. हा गुंड्या कुठलातरी सेक्रेटरी नाही. याला मी बोट धरून चालायला शिकवलंय. 'द' लिहा तिथं."

चेअरमननी निमूटपणे पेन काढून 'द' लिहिलं.

"लिहिलं? आता फाडा."

त्यांनी फाडलं.

'गुंड्या' हे नाव चारचौघांत उघड झाल्याने माझी काय अवस्था झाली, ते सोडून देतो. पण नोकरीची सवय जात नाही. डोळे पुसता पुसता माझं लक्ष खाली गेलं. ताई दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये उभी होती. स्वतःच्या पायांवर.

"ताई," मी म्हणालो, "तुझे गुडघे?"

ताईने गुडघ्यांकडे असं पाहिलं, जणू ते वरच राहिले असावेत असा तिचा समज होता.

"रागात होते मी," ती म्हणाली. "रागात नाही दुखत."

आणि वळून ती तरातरा वर निघाली. पुढच्या वळणावर तिला काहीतरी आठवलं, आणि तिथून तिने कठडा धरला.

सभा तिथंच संपली. डॉक्टरांच्या पाठीवर कागद ठेवून चेअरमननी माझ्या पहिल्या, मूळ पत्रावर सही केली. वकिलांनी केली. डॉक्टरांनी पाठ सोडवून घेऊन केली. इतके दिवस जे झालं नव्हतं ते चहा गार व्हायच्या आत झालं.

मी घरी आलो तो संतापाने लाल होऊन. बायकोला बाल्कनीत ओढलं आणि दार लोटलं.

"म्हणजे इतके दिवस मी जिने चढून मरतोय, आणि हिला उतरता येत होतं! वर पत्रात आज 'ए' उद्या 'द' करून मला नाचवलं! मी आत्ता जाऊन जाब विचारतो."

"हळू बोला," बायको म्हणाली. "आणि हिशेब तपासत होतात ना तुम्ही? चार दिवसांसाठी आलेल्या बाईने बॅगेत स्वेटर आणि शाल का आणली, हे नाही दिसलं?"

मी दाराच्या फटीतून आत पाहिलं.

"तिकडे त्यांनी लाल पेन चालवायचं कुणावर? भिंतींवर?" असं म्हणून ती आत गेली, आणि तिने ताईला भाजी चिरायला दिली. कशी चिरायची ते विचारून.

माझा राग तरी गेला नाही. फक्त तो ठेवायचा कुठे, ते कळेना.

मेकॅनिक आला. मागच्या वेळचाच होता, पण त्याने मिशी काढून टाकली होती. डॉक्टरांनी त्याला ओळखायला साफ नकार दिला आणि हा भलताच माणूस 'ए'मुळे आला असं मला ऐकवलं. त्याने तळमजल्याच्या दाराच्या खाचेत बोट घालून एक काडी बाहेर काढली. दात कोरायची. तिच्यामुळे दार पुरतं लागत नव्हतं, म्हणून लिफ्ट हलत नव्हती. सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांना तेवढ्यात पेशंट आठवला.

लिफ्ट सुरू झालेली ऐकून ताईने बॅग भरली. शाल खाली, स्वेटर वर. "चार दिवस म्हणून आले, फार झालं," एवढंच म्हणाली. खुर्ची पुन्हा माझी झाली. बसून पाहिलं, टोचत होती. मी गाडी बोलवायला खाली गेलो. गाडी दाराशी उभी केली, ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि कितीतरी दिवसांनी रुबाबात लिफ्टने वर आलो.

पाचव्या मजल्यावर दार उघडून बाहेर पाऊल टाकलं, तर समोर ताई, हातात बॅग. तिच्या शेजारी बायको, चेहरा अगदी निष्पाप. दोघी माझ्याकडे नव्हे, माझ्या मागे बघत होत्या. मी वळून पाहिलं. ज्या लिफ्टमधून मी आत्ता बाहेर पडलो, तिच्या दाराच्या मुठीला सुतळीने एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर बायकोच्या त्या गचाळ अक्षरात: 'लिफ्ट नॉट वर्किंग.'

खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

ताईने बॅग खाली ठेवली. पर्समधून लाल पेन काढलं. पुठ्ठा हातात धरून 'लिफ्ट'च्या आधी 'द' घातला, मध्ये 'इज' घातला, आणि लांबून एकदा वाचून पाहिलं.

"वाक्य पुरं लिहावं गं माणसाने," ती बायकोला म्हणाली. "बंदच आहे म्हटल्यावर आता काय करणार."

आणि मला आला राग. असा राग, की विचारू नका. सोसायटीच्या आवारात फलक लागतो, त्यावर ना चेअरमनची सही, ना वकिलांची, ना डॉक्टरांची. आणि मजकूर तर सरळसरळ खोटा!

"हे कुणाला विचारून लावलं?" मी बायकोला विचारलं.

"तुम्हाला."

"मला? कधी विचारलं?"

"आत्ता विचारतेय."

ताईने पेन माझ्यापुढे धरलं. मी पुठ्ठ्यावर सही केली आणि खाली लिहिलं: सेक्रेटरी. ताईने पेन माझ्या हातातून काढून घेतलं आणि त्याच्या आधी 'द' घातला. मग बॅग उचलून ती आत गेली आणि माझ्या खुर्चीत बसली.

गाडी परत पाठवायला मी खाली गेलो. जिन्याने. लिफ्ट बंद होती.